खोट्या जागा

"सिस्टर, थांबा जरा. एवढं गळ्याच्या हाडावरचं उरकू द्या," भुजंग म्हणाला.

सरकारी दवाखान्याच्या बाकावर, सगळ्या पेशंटांच्या देखत, तो बायकोच्या गळ्याखालच्या हाडावर दोन बोटांनी टकटक करत होता. आधी कपाळ, मग डोळ्याचा कोपरा, मग हनुवटी, मग हे. राजेश्री डोळे मिटून बसली होती. माझं डोकंच फिरलं.

भुजंग देवगाव फाट्यावर पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून देतो, म्हणजे नवी तार गुंडाळतो. दोन वर्षांपासून राजेश्रीचं मन पार विझलेलं. कारण विचारू नका, लोकांनी कारण विचारून विचारूनच तिला अर्धी केलीय. एकदा तिला विहिरीच्या काठावरून परत आणलं होतं. आमच्या डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या आणि त्या चुकू नयेत म्हणून मी, सुकेशनी सिस्टर, हात धुवून तिच्या मागे लागले.

मग सेलूच्या एका मंगल कार्यालयात शिबिर भरलं. बाहेरगावचे कोणी सर आले. अंगावर ठरावीक जागी टकटक केली की मनातलं दुःख मोकळं होतं म्हणाले, आणि गोळ्या त्याच्या आड येतात, बंद करा, असंही सांगून गेले. ह्या शहाण्यानं ऐकलं.

"गुण यायलाय सिस्टर. रोज इचारतो, रोज म्हणती, बरं वाटायलंय."

"भुजंगराव, मोटार भरली की तशीच देता का गिऱ्हाइकाला?"

"छ्या. चालवून बघतो. भार टाकतो."

"मग ह्याच्यावर पण टाका की भार."

टकटकीचं मी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं. अभ्यास झालेत म्हणाले, पण बरेचसे लहान, आणि पुष्कळ तर शिकवणाऱ्यांनीच केलेले. काहीच न करण्यापेक्षा बरं वाटतं लोकांना. पण एका ठिकाणी काहींना खऱ्या जागी आणि काहींना भलत्याच जागी टकटक करून पाहिली, तर दोघांना सारखंच बरं वाटलं. म्हणून मी भुजंगला सांगितलं, एक दिवस सरांच्या जागा, एक दिवस खोट्या जागा. कोपर, गुडघा, टाच. तिला म्हणायचं, सरांनी नव्या जागा दिल्यात.

"आणि गोळ्या आजपासून चालू," मी म्हणाले.

"मग गुण कशानं आला ते कळावं कसं?"

घ्या. माझंच शास्त्र माझ्या गळ्यात. पुष्कळ वाद घातला, पण गडी ऐकेना. शेवटी पुढच्या मंगळवारपर्यंत गोळ्यांवाचून बघायची बोली झाली. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक.

मंगळवारी आला तो हसतच. "सिस्टर, खोट्या जागीबी बरं वाटायलंय म्हणती. कोपरावर तर लयच. म्हंजे सगळ्या अंगात गुण हाय."

मी कपाळाला हात लावला. राजेश्रीला ड्रेसिंगच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"खरं सांगा. कशानं बरं वाटायलंय?"

ती बांगड्या फिरवत राहिली. "कशानंच न्हाई."

"मग म्हणता कशाला?"

"दिसभर काम करून येतेत, हात धुतेत अन् माझ्यापुढं बसतेत. दोन वर्सांत कवा असे जवळ बसले न्हाईत. इतकं जीव लावून करणाऱ्याला न्हाई कसं म्हणावं? पावना जेवायला बसला अन् भाजी अळणी लागली, तर म्हणतो का तसं?" मग खाली बघत ती म्हणाली, "तुमी गोळ्याचं इचारायच्या, तवाबी तसंच म्हणायचे मी. तुमीबी लय जीव लावता, सिस्टर."

मी स्टुलावर बसले. तिच्या त्या 'बरं'वरच डॉक्टर गोळ्या तेवढ्याच ठेवत आले होते.

भुजंगला मी सगळं सांगून टाकलं. वाईट वाटलं, पण उद्या परत वेळ आली तरी सांगेन. भिडेपायी बाई गोळ्यांवाचून ठेवायची का? तो ऐकून घेत होता. मधेच त्यानं स्वतःची बोटं पाहिली आणि "बरं झालं कळलं" एवढंच म्हणाला.

गोळ्या पुन्हा चालू झाल्या. डॉक्टरांनी त्या वाढवल्या, मग बदलल्या. आता विचारलं की राजेश्री सरळ सांगते, काही फरक न्हाई. दर वेळी तेच. डॉक्टर म्हणतात, अजून एक औषध बघू. त्यांच्या आवाजात पहिल्यासारखा जोर नसतो, आणि आता तर मलाही धीर देववत नाही.

काल भुजंगला बाजूला घेतलं. "टकटक सोडा, पण तिच्याजवळ बसत जा. हात हातात घ्या. त्यात तेवढंच खरं होतं."

"न्हाई जमत सिस्टर." तो भिंतीकडे बघत बोलत होता. "हात लावला की तिचं तोंड बारीक व्हतंय. आता ह्याला काय सांगावं, असं. परवा झोपंत माझा हात लागला, तर दचकून उठली अन् म्हणली, बरं हाय, बरं हाय."

मी औषधाची पुडी त्याच्या हातात दिली.

बाहेर त्यानं मोटारसायकल चालू केली. तिला पाठ लागू नये म्हणून तो पार पुढे, टाकीवर सरकून बसला. ती दोन्ही हातांनी मागची दांडी धरून बसली. मधे आणखी एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून ते दोघं फाट्याकडे निघून गेले.