नमुने आले तसे

भट्टीतून काढलेल्या बारा मुशी हरिचंद्र रोकडेने टेबलावर ओळीने मांडल्या आणि एकेक करून निरखल्या. बाराही मुशींतली राख एकाच रंगाची होती, विटकरी. वजन केलं तर प्रत्येक नमुन्यात राख एकवीस ते बावीस टक्के. ओलावाही बाराही नमुन्यांत जवळजवळ सारखाच. त्याने तराजू तपासला, भट्टीचं तापमान तपासलं, सगळं पुन्हा केलं. आकडे हलले नाहीत.

हे १९९५ सालच्या मार्चमधलं. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या त्या तपासणी लॅबमध्ये हरिचंद्र सतरा वर्षं होता. यवतमाळकडच्या एका गावाखाली कोळसा आहे म्हणून एका लोखंडाच्या कंपनीने तिथे शोधकाम चालवलं होतं. जमिनीत बोअर घ्यायचे, खालचा कोळसा वर काढायचा, त्याचे नमुने या लॅबला पाठवायचे. अहवाल चांगला आला की सरकारची परवानगी, मग बँक, मग खाण. थंडीत पहिल्या नऊ बोअरचे नमुने आले होते. त्यात राख अडतीसपासून बावन्न टक्क्यांपर्यंत, पांढुरकी आणि भरड. कोळसा कसला, काळा दगडच तो. आणि आता त्याच शिवारातले पुढचे बारा बोअर, एकमेकांपासून तीन-चारशे मीटर लांब, आणि बाराही जुळ्या भावांसारखे. जमिनीखालचा कोळसा असा कधी वागत नाही. दहा पावलांवर त्याची जात बदलते, हे हरिचंद्रला पाठ होतं.

"मीनल, हे बघ जरा," त्याने हाक मारली.

मीनल बदलापूरची. बी.एस्सी. होऊन दोन वर्षांपूर्वी लागली होती. मूस चिमट्यात कशी धरायची इथपासून सगळं त्यानेच तिला शिकवलं होतं. तिने वही पाहिली आणि म्हणाली, "सर, एकाच पोत्यातले नमुने असल्यासारखं वाटतंय."

"वाटतंय नाही. तसंच आहे," हरिचंद्र म्हणाला.

तरी त्या दिवशी तो गप्प राहिला. कारण लॅबचे मालक चिंतामणी सर. अठ्ठ्याहत्तर साली हरिचंद्र डिग्रीचा कागद घेऊन कारखान्या-कारखान्यातून फिरला होता. त्याचे वडील काडेपेटीच्या कारखान्यात काड्यांना गुल लावायचे, घरात बी.एस्सी. झालेला तो पहिला. लोक अर्ज घ्यायचे, आडनाव वाचायचे आणि "कळवतो" म्हणायचे. चिंतामणी सरांनी मात्र दुसऱ्याच दिवशी पांढरा कोट हातात दिला होता. अशा माणसाच्या तोंडावर संशय फेकायला जीभ रेटत नव्हती.

रविवारी दुपारी सखू घरी आली. अंबरनाथ पश्चिमेला त्यांच्या चाळीमागेच तिचं घर, जुनं आगरी कुटुंब. हात कोपरापर्यंत काळे, नखांत काळं, नाकपुड्यांतही काळं. ती हरिचंद्रच्या बायकोला म्हणाली, "इंदुबाय, थोरं रॉकेल दे गो. साबनानं निघत नाय यो रंग."

"कुठे जातेस हल्ली कामाला?" इंदुबाईने विचारलं.

"आनंदनगरला, पत्र्याच्या शेडमदी. ट्रकनं कोलसा येतंय शहाडच्या वखारीवरशी. आमी सा बायका. कोलसा फोराचा, पिशव्यांत भराचा, नंबराची चिठ्ठी बांधाची. ही बघ, तुला एक पिशवी आनली. नवी हाय, मिरच्या ठेवाला बरी."

तिने पदराखालून जाड कापडाची पिशवी काढली. तोंडाशी पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. हरिचंद्रने ती हातात घेतली. बोअर सतरा. खोली एक्याऐंशी ते त्र्याऐंशी मीटर. अक्षर त्याच्या ओळखीचं होतं. याच अक्षरातल्या बारा चिठ्ठ्या लॅबच्या वहीला टाचलेल्या होत्या.

"ही चिठ्ठी कोण लिहितं, सखू?"

"त्यो वर्तक सायेब. लय हसतमुख मानूस. रोज वडापाव देतो आमाला."

हरिचंद्रला जेवण गेलं नाही. इंदुबाईने ती पिशवी धुऊन वाळत घातली तेव्हा तो तिच्यावर उगाचच ओरडला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो शेडवर गेला. आत कोळशाचा ढीग होता, चांगला, चकचकीत. बायका हातोड्यांनी तो फोडत होत्या. ढिगाशेजारी खुर्ची टाकून कंपनीचा भूगर्भतज्ज्ञ वर्तक भेळ खात बसला होता. तिशीचा, गोरटेला, पायात महागाचे बूट. हरिचंद्रला पाहून तो दचकलासुद्धा नाही.

"या, रोकडे साहेब! भेळ घ्या."

"हे काय चाललंय?"

"काय चाललंय म्हणजे? नमुने बनवतोय. तुम्हाला बारा पोचले, हा त्यांचाच दुसरा संच," वर्तक हसला. त्याच्या दातांत कोथिंबीर अडकली होती. "नऊ बोअर खरे घेतले. तुमचेच आकडे बघून शेठची झोप उडाली. आता आणखी बारा घ्यायचे, तेही तसेच निघायचे. मग मशीन वाया, माणसं वाया. त्यापेक्षा हे बरं."

"पण खाली दगड आहे. खाण काढून करणार काय?"

"अहो, दगड नाही, थोडा हलका कोळसा आहे. एकदा परवानगी आली, खाण सुरू झाली, की कोण बघतंय? तोवर मी दुसऱ्या कंपनीत." त्याने कोळशाने काळी झालेली बोटं चाटली आणि कागदाचा गोळा त्या ढिगात भिरकावला. "आणि टेन्शन कशाला घेता? तुमच्या सरांना सगळं माहीत आहे."

ती चाटलेली बोटं हरिचंद्रच्या डोळ्यांसमोरून हलेनात. तो तसाच चालत लॅबमध्ये आला आणि थेट सरांच्या केबिनमध्ये शिरला. चिंतामणी सर चहात बिस्किट बुडवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही आश्चर्य दाखवलं नाही.

"हरिचंद्र, आपल्या अहवालाच्या खाली काय छापलेलं असतं?"

"नमुने आले तसे तपासले."

"मग? तू खोटा आकडा लिहितोयस का? नाही. पिशवीत जे आलं त्याची राख एकवीस टक्के. एकवीसच लिही. पिशवी कुठून आली हे बघणं आपलं काम नाही."

"सर, वहीतलं खरं आणि जमिनीखालचं खोटं, असं कसं चालेल? त्या गावातली माणसं उठवणार आहेत. ऐंशी घरं आहेत."

"तू पाहिलंस ते गाव?"

"नाही."

"मीही नाही." सरांनी ओलं बिस्किट तोंडात टाकलं. अर्धं तुटून कपात पडलं. ते त्यांनी बोटाने काढून खाल्लं. "खाण निघाली की तिथे लॅब लागेल. तुला प्रमुख करतो. क्वार्टर मिळेल, इंदुबाईंना बाग करता येईल. आणि एक सांगतो, राग मानू नकोस. तुला कोणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा मी खुर्ची दिली. आठवतं ना?"

सतरा वर्षांत सरांनी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज ते त्यांनी बाहेर काढलं, तेही वखारीच्या कोळशासाठी. हरिचंद्रला त्यांची किळस आली. त्याहून जास्त आली ती आपली, कारण क्वार्टर हा शब्द ऐकून एक क्षणभर त्याच्या मनात खरोखरच बाग उगवली होती.

त्याने ठरवायला पंधरा दिवस घालवले. इंदुबाई म्हणाली, "तुम्हाला जे पचणार नाही ते करू नका. पण सखूला काय सांगणार? तिचा नवरा वर्षभर घरी बसून आहे. शेड बंद पडली तर तिची चूल बंद." सखूलाही कुणकुण लागली होती. ती दारात येऊन म्हणाली, "भाऊ, आमी काय चोरी नाय करत. कोलसा फोरतो नुसता."

शेवटी त्याने अहवाल स्वतः टाइप केला. आकडे जसेच्या तसे लिहिले आणि शेरा म्हणून दोन ओळी घातल्या: 'बाराही नमुने एकाच ठिकाणच्या कोळशाचे दिसतात. आधीच्या नऊ बोअरशी त्यांचा मेळ बसत नाही.' खाली सही केली. कंपनीचा कर्जाचा अर्ज ज्या बँकेकडे होता त्या बँकेला एक प्रत रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली आणि दुसरी सरांच्या टेबलावर ठेवली.

सर आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. मग बँकेचा तांत्रिक अधिकारी आला. हरिचंद्रला वाटलं, आता सगळं उघडं पडणार. त्याने नऊ आणि बारा, दोन्हीकडची राख बाटल्यांत भरून तयार ठेवली होती. पांढुरकी एका बाजूला, विटकरी दुसऱ्या बाजूला. एवढंच दाखवलं असतं तर शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

अधिकाऱ्याने बाटल्यांकडे पाहिलं नाही. वर्तकने उल्हासनगरहून सुटाचं कापड आणि मिठाईचा मोठा पुडा आणला होता. अधिकारी लॅबच्या मधोमध उभा राहून ते कापड खांद्यावर टाकून बघत होता आणि मीनलला विचारत होता, "हा रंग मला शोभेल ना?" मग तोंडात पेढा असतानाच हरिचंद्रकडे वळला.

"ही सही तुमची?"

"हो."

"शेऱ्याचा रकाना विश्लेषकासाठी नसतो हो. तुमचं काम आकडे. मत देणारे आम्ही बसलोय." पेढ्याचा कण उडून अहवालावर पडला. त्याने तो अंगठ्याने पुसला, तुपाचा डाग 'मेळ बसत नाही' या शब्दांवर पसरला. "शेरा काढून नवीन प्रत द्या. आजच."

"मी देणार नाही."

सरांनी चष्मा काढून पुसला आणि ते म्हणाले, "मीनल, तू टाइप कर. सही तूच कर. तुला अधिकार दिलाय."

मीनलने हरिचंद्रकडे पाहिलं. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, वडील अंथरुणावर होते, हे त्याला माहीत होतं. त्याने मान हलवली नाही, होकारार्थी नाही की नकारार्थी नाही. ती मशीनपाशी जाऊन बसली. कळांचा खडखड आवाज सुरू झाला तसा हरिचंद्र मोरीत गेला आणि भडभडून ओकला. बाहेर येऊन त्याने पांढरा कोट खिळ्याला लावला, स्वतःची कामाची वही पिशवीत घातली आणि निघून गेला.

पुढे त्याला बदलापुरात एका रंगाच्या कारखान्यात सांडपाणी तपासायचं काम मिळालं. पगार कमी, वास भयंकर. पण तिथलं घाण पाणी निदान घाण पाणी म्हणून येत होतं.

खाण सत्त्याण्णवच्या दिवाळीआधी सुरू झाली. पेपरात फोटो आला: हारतुरे, फोडलेले नारळ, मागे भलं मोठं यंत्र. गाव उठवून पाच मैलांवर पत्र्याच्या खोल्यांत नेलं होतं. आठ महिन्यांत खाण थांबली. निघालेल्या कोळशात राख सेहेचाळीस टक्के, भट्ट्या चोंदल्या, कंपनीने यंत्रं उचलून नेली. उरला तो नुसता खड्डा. मग कोणीतरी विधानसभेत प्रश्न विचारला आणि चौकशी लागली.

चौकशी अधिकारी अंबरनाथच्या लॅबमध्ये आले तेव्हा हरिचंद्रलाही बोलावणं आलं. आदल्या दिवशी चिंतामणी सर स्वतः त्याच्या घरी आले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. इंदुबाईने पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं नाही, तांब्या तसाच ठेवला.

"हरिचंद्र, एवढंच सांग की मुलगी नवीन होती, तिच्याकडून नमुन्यांची अदलाबदल झाली. तिचं वय लहान आहे, तिला फार काही होणार नाही. लॅब वाचेल."

हरिचंद्र त्यांच्याकडे पाहत राहिला. समोर बसलेला हा म्हातारा, नीट भांग पाडलेला, स्वच्छ नखांचा. या माणसाला आपण सतरा वर्षं मनातल्या मनात नमस्कार करत होतो.

"सर, तुम्ही उठा," तो म्हणाला. "माझ्या घरात हे बोलू नका."

दुसऱ्या दिवशी त्याने चौकशीत सगळं सांगितलं. शेड, वखार, वर्तक, पेढा, सुटाचं कापड. स्वतःची वही दिली. "आणि हेही लिहा," तो म्हणाला, "की मला कळल्यावर मी पंधरा दिवस गप्प होतो." मीनल कोपऱ्यात उभी होती. तिची पाळी आली तेव्हा तीही खरं बोलली. सही आपली, शेरा आपणच गाळला, कोणाच्या सांगण्यावरून तेही सांगितलं. अधिकाऱ्याने सगळं व्यवस्थित लिहून घेतलं.

निकाल वर्षभराने लागला. लॅबची मान्यता सहा महिने रद्द झाली. सातव्या महिन्यात तीच लॅब सरांच्या जावयाच्या नावाने सुरू झाली. बँकेच्या अधिकाऱ्याची बदली झाली, वरच्या जागेवर. वर्तकचा पत्ता लागला नाही. शिक्षा अशी एकट्या मीनलला झाली. तिची नोकरी गेली. हरिचंद्रने रंगाच्या कारखान्यात तिच्यासाठी शब्द टाकला आणि ती शेजारच्या टेबलावर काम करू लागली. दोघं त्या अहवालाबद्दल कधी बोलत नसत.

एक दिवस तीच पेपर घेऊन आली. त्याच कंपनीला विदर्भातच दुसरीकडे कोळशाचा नवा पट्टा मिळाला होता. शोधकाम लवकरच सुरू होणार, असं लिहिलं होतं.

संध्याकाळी तो घरी आला तर सखू इंदुबाईपाशी बसली होती. तिच्यापर्यंत बातमी कोणत्या वाटेने पोचली कोण जाणे.

"भाऊ," तिने विचारलं, "शेड परत उघडतेय म्हनं. जाऊ का मी?"

हरिचंद्रच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं कडवट. तो मोरीत गेला, चूळ भरली, थुंकला, पुन्हा भरली.

"जाऊ नकोस," तो तिथूनच म्हणाला.

"मंग काय करू?" सखूने विचारलं.

इंदुबाईने त्याच्याकडे पाहिलं. तो तिसऱ्यांदा चूळ भरत होता.

पुढच्या सोमवारी सखू कामाला गेली.