सुकन्याचा फिशपाँड

"ही बाद," म्हणत बिभीषण सरांनी एक चिठ्ठी फाडली आणि टोपलीत टाकली. "ही तर डबल बाद. ह्यांना आम्ही मराठी शिकवतो म्हणायची लाज वाटते, फिरदोसबाई."

मी मान हलवली. सर सांस्कृतिक विभागाचे प्रमुख आहेत. दर वर्षी हेच म्हणतात आणि बाद चिठ्ठी फाडायच्या आधी दोनदा वाचतात.

गॅदरिंगला दोन दिवस राहिले होते. फिशपाँडची पेटी आठवडाभर लायब्ररीच्या काउंटरवर, माझ्या नाकासमोर ठेवलेली असते. पोरं कुणाची तरी खेचणाऱ्या दोन ओळी लिहितात, वर त्याचं नाव घालतात, स्वतःचं घालत नाहीत, आणि कुणी लिहिलंय ते कुणाला कळणार नाही अशा खुशीत असतात. मला कळतं. एकवीस वर्षं मी त्यांच्या पुस्तक मागणीच्या चिठ्ठ्या वाचतेय. चेहरे विसरते, अक्षर विसरत नाही. कुणाचं कुणावर मन आहे ते ह्या कॉलेजात सगळ्यात आधी मला समजतं आणि मी ते कुणाला सांगत नाही. सांगायला आहे तरी कोण? ग्रंथपालाची जागा सहा वर्षं रिकामी आहे. काउंटरच्या आत मी एकटीच असते.

ही नोकरी मला गुफरानच्या जागी मिळाली. आमचे हे, गुफरान, इथेच शिपाई होते. ते गेले तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते, शिक्षण दहावी, पदरात आठ वर्षांची अकबरी. आता अकबरी हैदराबादला असते. रविवारी फोन करते. बाकीचे सहा दिवस विजापूर वेशीतल्या दोन खोल्यांत टीव्ही बोलतो आणि मी ऐकते.

चाळीसेक चिठ्ठ्या झाल्यावर एक निळ्या शाईची माझ्या हातात आली. अक्षर गोल, एका ओळीत, डोक्यावरची रेघ पट्टी धरून ओढल्यासारखी.

सुकन्या, बी. ए. भाग दोन.
पुस्तकांशी गप्पा, माणसांशी अबोला,
हिचा आवाज कसा आहे, कुणी ऐकला तर बोला.

अक्षर सुकन्याचंच होतं.

दुसऱ्याच्या नावानं शिव्या घालणारी पोरं मी पाहिली होती, सरांवर कविता करणाऱ्या पोरी पाहिल्या होत्या. स्वतःवरच फिशपाँड लिहिणारं कुणी पाहिलं नव्हतं. मला एकदम गलबलून आलं.

"काय आहे? चावट आहे का?" सरांनी हात पुढे केला.

"न्हाई सर. साधी हाय."

त्यांनी वाचली. "सुकन्या कोण? आपल्याकडं आहे?"

"हाय की. रोज येती."

"असू द्या मग. कुणाला त्रास नाही हिचा." त्यांनी ती ठेवायच्या गठ्ठ्यावर टाकली.

काढून टाकायची तर मला तेव्हाच टाकता आली असती. टाकली नाही, कारण त्या चिठ्ठीत माझाही हात होता.

दर जुलैत नव्या मुलांचा स्वागत समारंभ असतो. सर लोक व्यक्तिमत्त्व विकासावर बोलतात, ध्येयावर बोलतात, स्पर्धा परीक्षांवर बोलतात, पोरं मांडीवर मोबाईल धरून बसतात. शेवटची पाच मिनिटं लायब्ररीचे नियम सांगायला मला देतात. नियम मी एका मिनिटात उरकते. उरलेल्या चार मिनिटांत माझं पदरचं सांगते.

"पोरांनो, डबा एकट्यानं खायचा न्हाई. ज्याच्याकडं पेन मागाल त्याला नाव विचारायचं. आठवड्याला बाक बदलायचा. लेक्चर सुटलं की पळायचं न्हाई, कट्ट्यावर अर्धा तास वाया घालवायचा. आणि गॅदरिंगच्या पेटीत ज्याच्या नावाची एकपण चिठ्ठी पडत न्हाई, तो कॉलेजात आला होता का न्हाई, कुणाला ठाऊक."

ह्यावर पोरं हसतात, टाळ्या वाजवतात. सरांच्या भाषणाला पडत नाहीत एवढ्या टाळ्या मला पडतात आणि आठवडाभर मी त्या तोऱ्यात असते. बाई स्वतः डबा कुणाबरोबर खातात, हे कुणी विचारत नाही. मी स्टूल ओढून काउंटरखाली एकटीच खाते.

बाकीची पोरं हसून विसरली. सुकन्यानं लिहून घेतलं. पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर एकदा तिनं मला वहीचं शेवटचं पान दाखवलं. माझ्या पाचही गोष्टी आकडे घालून लिहिलेल्या होत्या.

"पेनाचं केलं मी, मावशी," ती म्हणाली होती. "धा जणींची नावं इचारली. समदी पाठ हायत मला."

"मग?"

"त्यांनी माजं न्हाय इचारलं."

मंगळवेढ्याच्या पुढे धनगरांची एक वाडी आहे, तिथून ती यायची. सकाळची एसटी धरून कॉलेजात पोचेपर्यंत पहिलं लेक्चर अर्धं झालेलं असायचं, मग मागे जिथे जागा मिळेल तिथे बसायची. बाक रोज आपोआप बदलायचा. एकदा कट्ट्यावरही गेली होती. तिथे आपापसात कसलंतरी बोलणं चाललं होतं, ही थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. एक वाजता बी. ए.चे वर्ग सुटले की बाकीच्या गाड्यांवर बसून जायच्या. ही चारपर्यंत लायब्ररीत. चारला उठून मंगळवेढ्याची गाडी, आणि तिथून सहाला वाडीची एकच गाडी. ती चुकली की रात्र स्टँडवर. तीन तास ती माझ्यासमोरच्या टेबलाशी वाचत बसायची. मी माझ्या कामात. दोघींत मिळून दिवसाला दहा वाक्यंसुद्धा होत नसत, पण ती आली नाही की मला दिवस मोठा वाटायचा.

आठ दिवसांपूर्वी ती काउंटरशी येऊन उभी राहिली.

"मावशी, गॅदरिंगपातूरच येनार मी."

"का गं?"

"आप्पा मेंढरं घिऊन लांब गेल्यात. आईचा पाय मोडलाय, प्लाष्टर घातलंय. घरात दुसरं कोन न्हाय. आता एकदम परीक्षेलाच यीन. फुडच्या वर्साचं तर काय खरं न्हाय."

सर लोकांसारखं 'शिक्षण सोडू नको' म्हणणं सोपं होतं. ते मी म्हटलं नाही.

"गॅदरिंगला समद्या चिठ्ठ्या वाचत्यात का?" तिनं विचारलं.

"बाद केलेल्या सोडून समद्या वाचतात."

"बरं," म्हणून ती टेबलाशी गेली. मला वाटलं, सहज विचारलं असेल.

आता चिठ्ठी पाहिल्यावर मला समजलं. त्या मोठ्या हॉलमध्ये एकदा आपलं नाव मोठ्यानं घेतलं जावं आणि ते ऐकायला आपण तिथे असावं, एवढंच तिला ह्या कॉलेजाकडून हवं होतं. मी मनाशी ठरवलं, हे मी घडवून आणीन.

फिशपाँड दुपारी दोनला होते. सूत्रसंचालन तिसऱ्या वर्षाच्या महेश्वरकडे. पोरगा बोलका, सगळ्या कॉलेजाला माहीत. मी सकाळीच त्याला गाठलं, सुकन्याची चिठ्ठी गठ्ठ्यातून काढून सगळ्यात वर ठेवली.

"ही पहिली वाच रे बाबा."

"वाचतो की मावशी. तुम्ही सांगितल्यावर नाही कसं म्हणीन."

पण पाहुणे दीड तास उशिरा आले. मग त्यांचा सत्कार, मग त्यांचं भाषण, मग त्यांनी अजून एक नाच बघायची इच्छा दाखवली. फिशपाँड सुरू झाले तेव्हा चारला दहा कमी होते. महेश्वर गठ्ठा घेऊन पुढे आला आणि पोरांनी ओरडा केला, सेटिंग हाय, सेटिंग हाय, चिठ्ठ्या लावून आणल्यात. तर ह्या शहाण्यानं सगळ्यांसमोर गठ्ठा पत्त्यांसारखा पिसला. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

सुकन्या दाराजवळ उभी होती. नवा हिरवा ड्रेस, केसांना तेल, खांद्याला दप्तर. बसायला जागा होती, तरी बसली नव्हती. एकेक नाव घेतलं की हॉल उसळायचा, ज्याचं नाव त्याला मित्र उचलून धरायचे. ती घड्याळाकडे बघायची, मग स्टेजकडे. चार वाजले. चार वाजून दहा झाले. मी उठून तिच्याजवळ गेले.

"आज ऱ्हा की. माझ्या घरी ऱ्हा. सकाळच्या पहिल्या गाडीला मी बसवून देते."

मी हे तिच्यासाठी म्हटलं, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर तेवढ्या वेळात दोन माणसांचा स्वयंपाक माझ्या मनात करून झाला होता.

"आई एकटी हाय वो मावशी," ती म्हणाली. "तिला उठतासुदिक येत न्हाय."

अजून दोन नावं होईपर्यंत ती थांबली आणि गेली. व्हरांड्यातून जाताना प्रत्येक खिडकीशी जरा थबकत होती, ते मला दिसत होतं.

साडेचारला महेश्वरनं वाचलं, "सुकन्या, बी. ए. भाग दोन." पुढच्या दोन ओळी त्यानं चांगल्या ठसक्यात म्हटल्या. कुणी ओरडलं नाही. पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"सुकन्या कोण आहे? उभी राहा बरं."

बी. ए. दोनची पोरं डाव्या हाताला बसली होती, शंभराच्या वर. त्यातून कुणीतरी म्हणालं, "आमच्यात अशी कोण न्हाईच." चारदोन जण हसले.

"बरं, मग आवाज तरी कुणी ऐकलाय का?" महेश्वरनं विचारलं. दोन क्षण वाट पाहिली आणि चिठ्ठी गठ्ठ्याखाली घातली.

मी उठले. एकवीस वर्षांत त्या हॉलमध्ये मी खुर्च्या मांडल्या होत्या, पाहुण्यांना पाणी दिलं होतं, कधी तोंड उघडलं ते नव्या मुलांपुढे, तेही माईक हातात देऊन सांगितल्यावर.

"मी ऐकलाय," मी म्हटलं.

सगळा हॉल मागे वळला. महेश्वर हसला. "वा, मावशी. कसा आहे मग?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ती पोरगी रोज किती लांबून येते, वहीत काय लिहून ठेवते, तुमच्यातल्या दहा जणींची नावं तिला कशी पाठ आहेत. पण पाचशे माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला एकच शब्द सापडला.

"चांगला हाय," मी म्हटलं आणि खाली बसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पुढची चिठ्ठी क्रिकेटच्या कॅप्टनवर होती, तिला छप्पर उडायची पाळी आली.

पुढचे तीन दिवस मी एक खोटं जुळवत होते. चौथ्या दिवशी दुपारी सुकन्या तिच्याकडची दोन पुस्तकं परत करायला आली. शेजारणीला आईपाशी बसवून आली होती. पुस्तकं काउंटरवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "वाचली का?"

चिठ्ठी आपणच टाकली हे ती कबूल करत होती. मीही अक्षर ओळखल्याचं लपवलं नाही.

"वाचली की. पोरं लई हसली."

तिनं वर बघितलं. "हसण्यासारकं काय न्हवतं त्यात, मावशी."

माझं तीन दिवसांचं खोटं तिथेच संपलं. मी तिला खरं ते सांगितलं. नाव घेतलं, कुणी उठलं नाही, कुणी ओळखलं नाही.

"कोनीच न्हाय?"

"मी उठले."

"तुमी?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "समद्यांफुडं? काय म्हनलासा?"

"ऐकलाय म्हनले. कसा हाय विचारलं त्यांनी. चांगला हाय म्हनले."

ती काउंटरची फळी उचलून आत आली आणि माझं जुनं स्टूल ओढून बसली. दीड वर्षात ती कधी आत आली नव्हती.

आणि ती बोलायला लागली. आप्पा कुठवर गेलेत, कुठल्या मेंढीला ह्या वर्षी जुळं झालं, आई प्लास्टरच्या पायानं सरकत सरकत चुलीपाशी कशी येते, ओढ्याच्या पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर तोंडाला हात कसे लावायचे. बी. ए. झाल्यावर तालुक्याला मास्तरीण व्हायचं तिच्या मनात होतं, हेही त्याच दिवशी समजलं. मी तिला अकबरीचं सांगितलं, गुफरानचं सांगितलं. कितीतरी वर्षांनी मी कुणाला त्यांचं नाव घेऊन काही सांगत होते. दोन पोरं पुस्तकं मागायला आली, त्यांना मी उद्या या म्हटलं. आम्ही दीड वर्षं तीन-तीन तास समोरासमोर बसलो होतो आणि हे सगळं करायला आम्हाला कुणी अडवलं नव्हतं, ह्याचं मला फार वाईट वाटलं.

"चार वाजून गेले की," ती एकदम उठली. दप्तर उचललं, माझा हात धरला, सोडला आणि पळाली.

मी खिडकीशी गेले. ती पटांगणातून धावत होती आणि फाटकाबाहेरची एकुलती एक रिक्षा निघायच्या बेतात होती. तिनं तोंडाला दोन्ही हात लावले.

"ओ रिक्षा, थांबा की."

मेंढरांमागे वाढलेल्या पोरीचा आवाज होता तो. पटांगण ओलांडून, इमारतीवर आपटून परत आला. कट्ट्यावरच्या सगळ्यांनी माना वर केल्या. वरच्या मजल्यावरच्या दोन वर्गांतून पोरं डोकावली. रिक्षा थांबली, ती बसली आणि सात रस्त्याच्या दिशेनं गेली.

मागे वळले तर काउंटरशी पुस्तक घेऊन महेश्वर उभा होता. तोही खिडकीतून बघत होता.

"काय आवाज आहे," तो म्हणाला. "कोण होती ओ, मावशी?"

"सुकन्या."

"आपल्याच कॉलेजची?"

"बी. ए. दोनला."

"हो का," तो म्हणाला आणि पुस्तक पुढे केलं. मी तारखेचा शिक्का मारला आणि ते त्याच्याकडे सरकवलं.