काळ्याला भूक नव्हती

सकाळी दुसरा मासा उलटा तरंगताना दिसला आणि चिमाबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. माशांची पेटी घरात येऊन धड पंधरवडाही झाला नव्हता.

मुलगा धम्मरत्न आणि सून दीक्षा, दोघंही चाकणच्या कंपन्यांत, दोघांच्या शिफ्ट वेगळ्या. कुरुळीच्या त्या दोन खोल्यांत चिमाबाईंना दिवसभर बोलायला भिंतीच होत्या, म्हणून मुलाने ही पेटी आणली. तीन सोनेरी मासे, त्यातल्या एकाची शेपटी काळी. तो काळ्या. भाजी निवडताना चिमाबाई त्याला सगळं सांगायच्या, अगदी सुनेच्या आमटीत मीठ कमी असतं हेसुद्धा. तो कधी चहाडी करत नसे. आता तोच तेवढा उरला होता, आणि तोही पाण्यावर येऊन तोंड वासत होता.

"भुकेला हाय गं माझा," म्हणत त्यांनी चिमूटभर दाणे टाकले. त्याने तोंडही लावलं नाही.

दीक्षाची शिफ्ट दुपारची होती. तिने पेटीतलं पाणी बाटलीत भरलं आणि दोघी चाकणला नूरमोहम्मदच्या दुकानात गेल्या. मासे त्याच्याकडूनच घेतलेले. चिमाबाई भांडायच्या तयारीनेच निघाल्या होत्या.

"पाणी बगा की, आरशावानी हाय. मासंच आजारी दिलं तुमी!"

नूरमोहम्मदने ते पाणी एका नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले. चांगलं पाणी असेल तर पिवळंच राहतं, म्हणाला. बघता बघता ते गर्द हिरवं झालं.

"अमोनिया आहे, मावशी. घाण पचवणारे जंतू नव्या टाकीत तयार झालेले नसतात. उरलेलं खाणं कुजतं, त्याचं हे विष. डोळ्यांना दिसत नाही. खायला किती वेळा घालता?"

"सकाळी. आन् दुपारी जरासं." चिमाबाई अडखळल्या. "सांजच्याला बी. पोरानं एकदाच घाल म्हणलंवतं, पर..."

दीक्षाने मान खाली घातली. "आई, मीही घालते, कामावरून आल्यावर. तुम्ही झोपलेल्या असता." मग हळूच म्हणाली, "आणि हे रात्रपाळीवरून आले की घालतात. आईला सांगू नको म्हणाले."

नूरमोहम्मदने कपाळाला हात लावला. "या अल्ला! टाकी आहे की खानावळ?"

"मंग काय करावं?" चिमाबाई तडकल्या. "सारखं वर यिऊन तोंड वासतंय. भुकेला जीव समोर असताना आमी घास कसा गिळावा?"

"भूक नाही ती, मावशी. या पाण्याने त्याचे कल्ले जळतायत. जीव गुदमरतो, म्हणून तो हवेला वर येतो."

चिमाबाई मटकन स्टुलावर बसल्या. त्यांच्या दारातून कुत्रंसुद्धा कधी उपाशी गेलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना तोरा होता. तो जीव श्वास मागत होता आणि आपण वरून दाणे टाकत होतो! दोघांना आपणच मारलं.

नूरमोहम्मदने आपल्या जुन्या टाकीतला मळका स्पंज काढून दिला. "यात ते जंतू आहेत. फिल्टरमध्ये घाला, धुऊ नका. रोज निम्मं पाणी बदला, नवं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलंच घाला. आणि मी सांगेपर्यंत एक दाणा नाही."

"उपाशी ठिवू? मरंल की!"

"खाऊन मरेल, मावशी. उपाशी नाही मरणार."

मग घरात सुतक असल्यासारखे दिवस गेले. चिमाबाई बादल्या भरत, पाणी काढत, ओतत. काळ्या वर येऊन तोंड उघडे आणि त्या भिंतीकडे तोंड करून रडत. धम्मरत्नचा हात दाण्यांच्या डबीकडे गेला, तर एवढ्या मोठ्या लेकाच्या हातावर त्यांनी फटका दिला.

एका दुपारी त्यांची नजर पेटीकडे गेली. पाण्यावर कुणी नव्हतं. भिंत धरत धरत त्या पेटीपाशी पोचल्या, वाकल्या.

काळ्या तळाशी होता. खडे उलथेपालथे करत, स्वतःच्याच नादात फिरत होता.

"काळ्या!" त्यांनी काचेवर बोट वाजवलं. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"नगं बगू," चिमाबाई म्हणाल्या आणि त्यांना हुंदका फुटला. "माझ्याकडं येऊच नगं, बाबा. असाच ऱ्हा."