दुसरं कडवं

दुसरं कडवं बायांच्या तोंडून निघालं तसा बिरजू सतरंजीवरून उठला आणि कोणाकडे न बघता चर्चबाहेर चालता झाला. पुरुषांच्या बाजूला तो एकटाच बसायचा. आता ती बाजू पार रिकामी झाली.

आलापल्लीच्या पुढे जंगलातल्या त्या छोट्या चर्चची रीत होती. गीताचं पहिलं कडवं बायांचं, दुसरं पुरुषांचं आणि तिसरं सगळ्यांचं. म्हातारे एकेक करून मातीआड गेले, तरणे कामासाठी तेलंगणात पांगले. मग दुसरं कडवं बिरजू एकटाच गायचा, आणि असा गायचा की बाहेरच्या बकऱ्याही रवंथ थांबवायच्या. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत चिखल तुडवला. गावात त्याला कोणी विचारत नसे. फक्त रविवारी लोक त्याच्या तोंडाकडे बघायचे.

मग तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने त्याचा घसा धरला. नागपूरच्या डॉक्टरांनी गाठ काढली, तिच्यासोबत आवाजही गेला. गळ्यात नळी घेऊन बिरजू घरी आला आणि पुढच्याच रविवारी आपल्या जागी जाऊन बसला.

नवा पास्टर अतुल वाईट माणूस नव्हता, नुसता घाईचा होता; त्याच दिवशी त्याने दुसरं कडवं स्वतःच सुरू करून बायांना देऊन टाकलं. उपासना संपल्यावर बिरजूच्या बायकोने, सोमारीने, त्याला दारातच गाठलं.

"दुसरं कडवं बायाइले काऊन देलं, पास्टर?"

"मंग कोण गाईन, बाई? बिरजूभाऊले आवाज नाई."

"आवाज नाई, पण मानूस तं आहे ना? ओठ हालते त्याचे. तुमी पुस्तकात पाहून राह्यले होते, तुमाले कसं दिसन?"

पास्टरने पुस्तक पिशवीत टाकलं. तो मोटारसायकलकडे वळला.

घरी बिरजूने पेजेची वाटी सरकवून दिली. दुसऱ्या दिवशीही तेच. सोमारीला त्याचा राग आला.

"खात काऊन नाई? मराचं आहे का तुले?"

बिरजूने शांतपणे मान डोलावली. हा माणूस थट्टा करत नव्हता.

पुढच्या रविवारी तिने त्याला जवळजवळ ओढतच चर्चमध्ये नेलं. बायांचं गाणं उचलायचं काम तिचंच होतं. पहिलं कडवं संपलं आणि तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. बाकीच्या बायाही एकेक करून थांबल्या. पास्टरने पुस्तकातून मान वर केली. चर्चमध्ये नळीतून येणारी हवेची सुरसुर तेवढी ऐकू येत होती. बिरजूचे ओठ हलत होते, तळहात मांडीवर ठेका धरत होता. कडवं पुरं झालं तसं त्याने बोट वर केलं आणि बायांनी तिसरं उचललं.

त्या दिवशी त्याने दोन वाट्या पेज घेतली.

धानकापणीपर्यंत असंच चाललं. पास्टरही थांबायला शिकला. मग गाठ पुन्हा आली, आणि या खेपेला बिरजूला कुठे नेण्यात अर्थ उरला नव्हता.

खड्डा खणायला चर्चमध्ये न येणारी गावातली इतर माणसं आली. त्यांना गीत येत नव्हतं, म्हणून ती फावडी टेकून बाजूला उभी राहिली. बिरजूची पेटी खड्ड्यात सोडली. सोमारीने तेच गीत उचललं. पहिलं कडवं झालं, आणि तिने तोंड मिटलं.

सगळे थांबले. सागाच्या वाळलेल्या पानांवरून कोणाचं तरी कुत्रं चालत गेलं. एव्हाना कडवं संपायला हवं होतं. बाया सोमारीकडे बघत होत्या, आणि ती खाली पेटीकडे. माणसं माती लोटायला वाकली.

"बाई," पास्टर हळूच म्हणाला, "तिसरं घ्या."

"त्याचं झालं नाई अजून," सोमारी म्हणाली.

वाकलेल्या माणसांनी फावडी परत टेकली आणि ती उभी राहिली.