सतरा नंबरचं केंद्र, बाद मतं शून्य

चौतीस वर्षं मी वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. म्हणजे छापायला जाणाऱ्या प्रत्येक शब्दावर संशय घ्यायचा मला पगार मिळायचा. निवृत्त झाले, पगार थांबला, संशय चालूच राहिला. नवरा म्हणतो, "तू लग्नपत्रिकासुद्धा हातात पेन घेऊन वाचतेस." वाचते. आणि चुका सापडतात.

म्हणून वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी आमच्या मतदारसंघाचा निवडणूक-इतिहास लिहाल का विचारलं, तेव्हा मी एका पायावर तयार झाले. शहराच्या मधोमधचा मतदारसंघ, चौदा निवडणुका. आमच्या मतदारांचा स्वभाव आकड्यांत स्वच्छ दिसतो. पहिल्या तीन वेळा एकाच डॉक्टरांना डोक्यावर घेतलं, चौथ्या वेळी असं आपटलं की अनामतही गेली. एक हार्डवेअरवाले पाच वेळा उभे राहिले आणि पाचही वेळा पडले. त्यांची सून पहिल्याच झटक्यात निवडून आली. मग हद्दी बदलल्या. गल्लीची डावी बाजू एका आमदाराकडे गेली, उजवी दुसऱ्याकडे, आणि खड्डे मधोमध असल्यामुळे ते कुणाचेच नव्हते.

सातव्या निवडणुकीपाशी मी अडकले. वकील अवघ्या एकोणचाळीस मतांनी जिंकले होते, युनियनचा पुढारी पडला होता. तेव्हा मतपत्रिका कागदाच्या होत्या आणि मोजणी केंद्रवार व्हायची. नावापुढे शिक्का मारायचा, घडी घालायची, पेटीत टाकायची. शाई ओली असली की घडीत ती दुसऱ्या नावावर उमटायची, आणि असली मतं बाद व्हायची. प्रत्येक केंद्रावर वीस-पंचवीस मतं अशी वाया गेली होती. सतरा नंबरच्या केंद्रावर सातशे बारा मतं पडली आणि बाद एकही नाही. वकिलांची आघाडीही तिथेच सगळ्यात मोठी.

इतकं शुद्ध काही दिसलं की माझ्या कपाळाला आठी पडते. केंद्राध्यक्ष कोण होता ते बघायला पान उलटलं. तिथे माझ्या वडिलांची सही होती.

बाबा आमच्याकडेच राहतात. वय शहाऐंशी, निवृत्त मुख्याध्यापक, अजून शब्दकोडं पेनाने सोडवतात. चार दिवस मी त्यांच्याकडे चोरट्या नजरेने बघत होते. केंद्र आमच्याच गल्लीतलं, तिथल्याच माणसाला सहसा नेमत नाहीत, मग नेमणूक नेमकी बाबांचीच कशी? निवडणुकीनंतर चार महिन्यांत ते मुख्याध्यापक झाले, ते कसे? आता बाबांनी काळंबेरं केलं असेल तर मला ते पुस्तकात लिहावं लागणार होतं. नाही लिहिलं तर आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणारी मीच खोटी ठरणार. मला खरोखर भीती वाटत होती.

पाचव्या दिवशी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि तो कागद समोर ठेवला.

"बाबा, एकही मत बाद नाही. हे कसं?"

त्यांनी चष्मा पुसला. "चार दिवस तू माझ्याकडे चोर बघावा तशी बघतेस. त्यासाठी होय?"

"उत्तर द्या."

"टीपकागद. दुसरं काय? शाळेतून नेला होता. शिक्का मारायच्या टेबलावर ठेवला आणि प्रत्येकाला सांगितलं, घडी घालायच्या आधी शाई टिपून घ्या. मुलांच्या वह्या बरबटू देत नव्हतो, तर मतं कशी देईन?"

"आणि मुख्याध्यापक?"

"आधीचे निवृत्त झाले. सगळ्यात जुना मीच होतो. नेमणुकीचं म्हणशील, तर ज्यांची होती ते सकाळीच आजारी पडले, जवळ राहणारा म्हणून मला बोलावलं. झालं समाधान?"

झालं. चार दिवसांचं ओझं उतरलं. मी हसणार होते, पण बाबा हसत नव्हते.

"तो कागद ठेवायला नको होता," ते म्हणाले. "सकाळचा शाईने काळा झाला, त्यावर काही कळत नव्हतं. दुपारी मी कोरा ठेवला. त्यानंतर पहिली आली ती तुझी आई. तिच्यामागे पाऊण तास कुणी फिरकलं नाही. मी टेबल आवरायला आत गेलो. कागदावर एकच ठसा."

"आणि तुम्ही बघितलात."

"दिसला. उजवीकडे, अगदी खाली. शिक्के उजवीकडेच मारायचे होते. वकिलांचं नाव सगळ्यात वर, युनियनवाल्याचं सगळ्यात खाली. तो तिच्या माहेरच्या शेजारचा. आणि घरी मला म्हणाली होती, मत वकिलांनाच देणार."

माझ्या डोक्यात मात्र काहीतरी खटकत होतं. नोकरीची पहिली वर्षं मी छापखान्यातल्या उलट्या अक्षरांच्या खिळ्यांच्या संगतीत काढली आहेत.

"नक्की उजवीकडे?"

"डोळे मिटले तरी दिसतो."

मी त्यांचं शाईचं पेन घेतलं. कागदावर चार ओळी आखल्या आणि सगळ्यात वरच्या ओळीत, उजवीकडे, ठसठशीत फुली काढली. वरून चहाच्या ट्रेमधला कागदी रुमाल दाबला, उचलला आणि पालथा केला. फुली डावीकडे आली होती, वर.

"टिपलेली शाई बाजू बदलते, बाबा. उजवीकडची डावीकडे जाते. आता हा रुमाल टेबलावरच अर्धा फेरा फिरवते." खालची कड वर गेली. फुली आता उजवीकडे होती, अगदी खाली. "असाच दिसला होता?"

त्यांनी मान डोलावली.

मग शेवटच्या ओळीत फुली काढून तेच केलं. ती डावीकडे खाली आली, रुमाल फिरवल्यावर उजवीकडे वर. उजवीकडे खाली येईना. टीपकागद टेबलावर असाच फिरलेला पडला होता, एवढंच. आईने मत वकिलांनाच दिलं होतं.

"परत दाखव," बाबा म्हणाले. मी परत दाखवलं. मग त्यांनी पेन मागून घेतलं आणि स्वतः करून बघितलं, तीन वेळा.

त्या निवडणुकीनंतर आई बाजाराला निघाली की बाबा पिशवी घेऊन बरोबर. लग्नकार्य असो की दवाखाना, ती एकटी कधी गेली नाही. माहेरी गेली तर ते संध्याकाळी घ्यायला हजर. गल्लीत बायका म्हणायच्या, जोडी बघा कशी. मीही म्हणायचे, आणि नवऱ्याला त्यावरून टोमणे मारायचे. आईला जाऊन सहा वर्षं झाली. मला रडू आलं नाही, संताप आला.

"चाळीस वर्षं, बाबा! एकदा विचारायचंत तिला."

"कसं विचारणार?" ते म्हणाले. "विचारलं असतं तर तिला कळलं असतं, मी तिचं मत बघितलं."