दिव्याभोवतीचं कडं

“रुचिता, तुह्या दिव्याभोवती कडं दिसून राहिलं मले. रंगीत. इंद्रधनुष्यावानी.”

स्टुलावर बसलेले हिरालालबाबा असं म्हणाले. त्यांच्या सुनेनं कॅमेऱ्यावरचा डोळाही न काढता उत्तर दिलं, “कापड नवं आहे बाबा, म्हणून चमकत असेल. हलू नका ना, उजेड बसवू द्या.”

ते नवं कापड म्हणजे मी. मित्रांनो, मी एक छत्री आहे. आता पार जुनी झाले, पण पावसात एकदाही गेले नाही. माझ्यावर पडला तो फक्त उजेड. फोटो काढताना दिव्यासमोर जी पांढरी छत्री उघडून ठेवतात, तीच मी. दिव्याचा झगझगाट मी अंगावर घेते आणि पलीकडच्या माणसाच्या चेहऱ्यावर मऊ करून सोडते. एवढंच माझं काम. मला बोलता आलं असतं तर त्या दिवशी मी रुचिताला म्हटलं असतं, “अगं, मी चमकत नाहीये. त्यांना पुन्हा एकदा विचार.”

माझा जन्म दिल्लीतल्या एका लहानशा कारखान्यातला. तिथून मालगाडीच्या डब्यात बसून मी रायपूरला आले आणि भैय्यालालच्या फोटोच्या सामानाच्या दुकानात छताला उलटी लटकले. येणारे-जाणारे मला पाहून हसायचे. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं विचारलं होतं, “ये सफेद छाता बारिश में टिकेगा?” भैय्यालाल म्हणाला, “चाचा, इससे पानी नहीं रुकता. इससे उजाला नरम होता है.” चाचांनी मान हलवली आणि काळी छत्री घ्यायला ते दुसऱ्या दुकानात गेले.

रायपूर तेव्हा नुकतंच एका नव्या राज्याची राजधानी झालेलं. रोज कुठलं तरी नवं ऑफिस उघडायचं, नव्या नोकऱ्यांचे अर्ज निघायचे, आणि प्रत्येक अर्जावर फोटो चिकटवावा लागायचा. गावोगावची माणसं शहरात येत होती. त्यांची नवी घरं, नवी बाळं. बाळांच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो हवेत असं सगळ्यांनाच वाटायला लागलं होतं. रुचितानं हे सगळं हेरलं आणि एके दिवशी मला, दोन दिव्यांना आणि दोन उंच स्टँडना घेऊन ती तेलीबांध्याच्या आपल्या घरी आली.

रुचिता नागपूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकलेली. लग्नानंतर रायपूरला आली. नवरा यशदीप सिलतऱ्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा. मुलगी आम्रपाली नुकती बसायला लागलेली; तिला सगळे आमू म्हणत. आमूला सोडून नोकरीला जायचं रुचिताच्या जिवावर यायचं. बाळ झोपलं तरी ती त्याच्या नाकापाशी बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना. अशा बाईनं घरातच स्टुडिओ मांडायचं ठरवलं, यात नवल ते काय?

तो स्टुडिओ तिनं कसा मांडला, ते पाहण्यासारखं होतं हं! पुढच्या खोलीच्या खिडक्यांना तिनं जाड निळ्या चादरी लावल्या, म्हणजे बाहेरचा उजेड आत येऊन आमच्या उजेडात मिसळू नये. पडद्याच्या दांडीवरून पांढरं कापड सोडलं ते थेट जमिनीवरून पुढे आणलं. एका बाजूला मी आणि माझा दिवा. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा मोठा तुकडा, माझा उजेड परत फेकायला. मागे दुसरा दिवा, केसांवर चमक यायला. स्टँड कलंडू नयेत म्हणून आमूच्या दुधाच्या रिकाम्या डब्यांत रेती भरून ते त्यांच्या पायांना बांधले. तारा चटईखाली घेतल्या. खालच्या सॉकेटवर चिकटपट्टी लावली. बाळाला जिथे म्हणून लागू शकेल, टोचू शकेल, भाजू शकेल, तिथे तिचा हात आधीच पोचलेला असायचा.

पण उजेड बसवायला समोर एक चेहरा लागतो. दिवा थोडा वर, थोडा डावीकडे, छत्री थोडी पुढे, असं करता करता तास जातो. आमूला तेवढा वेळ दिव्यासमोर बसवायला रुचिता तयार नव्हती. कोवळे डोळे ते!

“मी बसतो ना,” बाबा म्हणाले. “पोट्टीले काहून तरास? माही नजर ए-वन हाय. रेल्वेच्या डाक्टरनं लिहून देल्लं होतं.”

हिरालालबाबांनी आयुष्यभर मालगाडी चालवली होती. धुक्यातला सिग्नल ते कोसावरून ओळखायचे म्हणे. बायको मीराबाई गेल्यापासून त्यांना बोलायला कुणी उरलं नव्हतं. स्टुलावर बसणं ही त्यांची नवी ड्युटी झाली. ड्युटीच्या वेळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून यायचे. त्यांचे फोटो मात्र कुणी ठेवत नसे. उजेड जमला की रुचिता ते पुसून टाकायची आणि त्या स्टुलावर कुणाचं तरी बाळ येऊन बसायचं.

आणि ड्युटीवर असतानाच त्यांनी ते कडं पाहिलं.

रुचितानं ऐकलं नाही, असं मी म्हणणार नाही. तिनं ऐकलं, पण माझ्यात दोष असेल असं समजून ऐकलं. प्रकाश वाटेत वाकतो, फुटतो, मग रंग दिसतात, हे तिला कॉलेजात शिकवलं होतं. तिनं मला ओल्या फडक्यानं पुसलं. दिव्याचा बल्ब बदलला. बाबा पुढच्या आठवड्यात म्हणाले, “हाय अजून.” तेव्हा तिनं आमूच्या दुपट्यातली मऊ मलमल कापून माझ्या आतून दुसरा थर शिवला. दिवा मागे सरकवला. बाबांना कडं दिसतच राहिलं. पण या सगळ्यानं एक झालं. माझा उजेड असा सुरेख मऊ झाला की काय सांगू! बाळांच्या गालांवर सायीसारखा बसायचा. शेजारणी म्हणायला लागल्या, “रुचिता दीदी के फोटो में बच्चा एकदम चाँद दिखता है.” शंकरनगरहून, ब्राह्मणपाऱ्यातून माणसं यायला लागली. माझं कौतुक व्हायचं तेव्हा मीही फुगून जायची. त्या कौतुकाच्या मुळाशी काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

एकदा तर तिनं मला उचलून भैय्यालालकडे नेलं. त्यानं मला दिव्यावर लावून वर-खाली पाहिलं. “दीदी, छाता एकदम बढ़िया है. मुझे तो कोई गोला-वोला नहीं दिखता.”

घरी आल्यावर रुचिता स्वतः त्या स्टुलावर बसली. बरोबर बाबांच्या जागेवर. तिनं दिव्याकडे टक लावून पाहिलं. उजवा डोळा मिटून पाहिलं, डावा मिटून पाहिलं. कडं नव्हतं. सुटकेचा श्वास सोडून ती म्हणाली, “चला. दिवा चांगला आहे.”

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात त्या एका क्षणाची मला फार हळहळ वाटते. दिवा चांगला. छत्री चांगली. बल्ब नवा. भैय्यालालला दिसत नाही, रुचिताला दिसत नाही, आणि बाबांना दिसतं. मग दोष कुठे असेल? एक पाऊल पुढे टाकलं असतं तर उत्तर हाती लागलं असतं. पण तेवढ्यात आतून आमू रडली आणि रुचिता धावली. पुन्हा कधी बाबांनी कड्याचं नाव काढलं की ती समजावायची, “मी बसून पाहिलं ना बाबा. काही नाहीये तिथे.” हळूहळू बाबांनी सांगणंच सोडून दिलं.

नंतर ते माझ्या स्टँडला धडकायला लागले. नेहमी डाव्या बाजूनं. पहिल्यांदा धडकले तेव्हा यशदीप हसत म्हणाला, “बाबा, लाल सिग्नल तोडला तुम्ही! आता मेमो मिळते.” बाबाही हसले, “तुह्या बायकोनं रुळावरच खांबा गाडला, त्याले मी काय करू?” सगळे हसले. रुचितानं स्टँडच्या पायांना लाल पट्ट्या चिकटवल्या. कधी बाबा भुवईवर हात दाबून बसायचे. “इथं ठणकून राहिलं.” रुचिता त्यांच्या कपाळाला बाम चोळायची, प्रेमानं चोळायची, आणि म्हणायची, “दिव्याची गरमी आहे. पंखा लावते.”

मग ती दुपार आली. आमू आता पावलं टाकत होती. कुणा नातलगांचं बाळ यायचं होतं म्हणून बाबा स्टुलावर बसले होते, रुचिता कॅमेऱ्यामागे. आमू दुडुदुडु आली आणि बाबांच्या डाव्या गुडघ्यापाशी उभी राहिली. हातात लाकडी इंजिन होतं, बाबांनीच आणून दिलेलं. तिनं ते पुढे केलं.

बाबा समोर पाहत राहिले.

आमूनं हात आणखी वर केला. “बा. बा.” माझा सगळा उजेड तिच्या त्या हातावर पडला होता. बाबा आवाज ऐकून हसले, पण भलतीकडेच पाहून. आमूचा ओठ वाकडा झाला.

“बाबा,” रुचिता कॅमेऱ्यामागून म्हणाली, “आमू इंजन देऊन राहिली ना तुम्हाला.”

“कुठी हाय पोट्टी?”

रुचिता कॅमेऱ्यामागून बाहेर आली. ती आमूच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिनं आपला हात बाबांच्या डाव्या कानाजवळून हळूहळू पुढे आणला. पार नाकासमोर हात येईपर्यंत बाबांनी पापणीही हलवली नाही. मग दचकून म्हणाले, “काहून वो, काय झालं?”

तिनं दिवा बंद केला आणि खिडकीवरची निळी चादर ओढून काढली.

दवाखान्यात काय झालं ते मला संध्याकाळी कळलं. यशदीपला सांगताना ती माझ्याच शेजारी, जमिनीवर बसली होती. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांतला दाब मोजला आणि काचबिंदू असल्याचं सांगितलं. डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली, उजव्याचीही कडेकडेनं झिजलेली. गेलेली परत येत नाही. उरलेली औषधानं राखता येते. मग त्यांनी बाबांना विचारलं, “रोशनी के चारों तरफ रंगीन गोला दिखता था क्या? कब से?”

“बस, थोडे दिन से,” बाबा चटकन म्हणाले. सुनेकडे न पाहता.

“नहीं मॅडम,” रुचिता म्हणाली. “पिछले साल से. इन्होंने बताया था. बार-बार बताया था.”

हे यशदीपला सांगताना ती माझ्या स्टँडवरची लाल पट्टी नखानं खरवडून काढत होती. यशदीपला आपला लाल सिग्नलचा विनोद आठवत असावा. मलाही माझा मऊ उजेड आठवला. कडं तिनं माझ्यात शोधलं, दिव्यात शोधलं, बल्बमध्ये शोधलं. प्रकाशाच्या वाटेत आणखी एक काच होती. बाबांचा डोळा. त्या काचेकडे मात्र कुणीच वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मला मिटलं आणि कपाटामागे उभं केलं. तिथे धूळ होती, पाल होती. माझी एक काडी वाकली, मलमलीवर पिवळे डाग पडले. बाहेर कुणी फोटोसाठी विचारायला आलं की ती म्हणायची, “बंद केलं आता.” घड्याळ पाहून बाबांच्या डोळ्यांत थेंब टाकणं, एवढंच तिचं चालायचं. मला त्या अंधाराचं दुःख नव्हतं. कौतुकानं फुगलेल्या छत्रीला थोडा अंधार बराच.

पुष्कळ दिवसांनी एका सकाळी बाबांचा आवाज ऐकू आला. “रुचिता, ते तुही छत्री लाव ना. पाहू दे, कडं गेलं का राहिलं.”

“नको बाबा.”

“काहून नको? माह्या ड्युटीचं काय? लाव.”

तिनं मला बाहेर काढलं, झटकलं, दिव्यावर चढवलं. या वेळी चादरी लावल्या नाहीत. खिडकी उघडीच ठेवली. बाबा चाचपडत स्टुलावर बसले. इस्त्रीचा शर्ट होता, भांग मात्र वाकडा पडला होता. बराच वेळ ते माझ्याकडे पाहत राहिले.

“गेलं वो,” ते म्हणाले. “कडं गेलं.” मग हसत, “अन् अर्धी छत्रीबी गेली.”

रुचिता माझ्यामागे होती, म्हणून तिचा चेहरा त्यांना दिसला नाही. मला दिसला. तिनं कपाळ माझ्या कापडाला टेकलं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी ओली झाले.

मग तिनं डोळे पुसले, स्टँड उचलला आणि मला बाबांच्या उजव्या बाजूला आणून ठेवलं. जिथे मी त्यांना पूर्ण दिसेन तिथे. त्या दिवशी काढलेला फोटो तिनं पुसला नाही. भिंतीवर लावलाय. स्टुडिओ पुन्हा सुरू झाला, हळूहळू. माझी जागा तेव्हापासून उजवीकडेच. आमूसुद्धा आजोबांना काही द्यायचं असलं की वळसा घालून उजवीकडून जाते. तिला हे कुणी शिकवलेलं नाही.

मित्रांनो, माझी वाकडी काडी तुम्ही सरळ केली नाहीत तरी चालेल. माझे डाग राहू द्या. माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी तरी असेल. आजोबा, आजी, मामा, शेजारच्या काकू. दिव्याभोवती रंग दिसतात असं ते कधी म्हणाले असतील. किंवा दारालाच धडकत असतील, आणि तुम्ही हसला असाल. किंवा सांगून सांगून आता गप्प झाले असतील. आज दिवे लागले की त्यांच्याजवळ जाऊन बसा. विचारा, “तुम्हाला दिव्याभोवती काय दिसतं?” ते जे सांगतील ते तुम्हाला दिसणार नाही. तरीही ते तिथे आहे, असंच समजा आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा.

दिवा मग पुसता येईल. आधी त्यांना विचारून या. मी इथे उघडी उभी आहे, तुमची वाट पाहत.