जास्त निघालेलं तेल

तेल वाढलं होतं. कमी झालं असतं तर मला कळलं असतं, चांगला आरडाओरडाही केला असता. पण रविवारी बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून पेन्सिलीने खूण केली आणि गुरुवारी तेल त्या खुणेच्या बोटभर वर? मधले चार दिवस रोज दोन्ही वेळा स्वयंपाक झालेला. आमच्या ओट्याखाली काय तेलाची विहीर लागली होती?

माझ्याबद्दल आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला वेड्यात काढणार नाही. मी पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे, बावीस वर्षं. माझ्या स्टोअरमधून गेटपासशिवाय एक वॉशर बाहेर जात नाही. कामगार पाठीमागे मला ‘भिंग’ म्हणतात. म्हणू देत. बावीस वर्षांत एक गोष्ट शिकलो. माल कमी निघाला तर फार घाबरायचं नसतं, कुणीतरी चोरला किंवा कुणीतरी सांडला, दोन दिवसांत छडा लागतो. माल जास्त निघाला की मात्र झोप उडते. म्हणजे बिलाशिवाय काहीतरी आत आलंय. आणि बिलाशिवाय या जगात कोणी कुणाला फुकट काही देत नाही.

तर घरात बिलाशिवाय तेल येत होतं.

काटकसर मीच सुरू केली होती, आणि उगाच नाही. घरमालकाने वर्षअखेरीला जागा रिकामी करायला सांगितलेली. दोन खोल्यांची दुसरी जागा बघितली, तिचं डिपॉझिट ऐकून जिन्यातूनच परतलो. ते जमलं नाही तर एक खोली घ्यायची, आणि एका खोलीत आम्ही नवरा-बायको कसेबसे मावणार. सासऱ्यांना मग मेहुण्याकडे पाठवावं लागणार. हा मेहुणा म्हणजे कोण? वर्षापूर्वी वडिलांना आणि त्यांच्या ट्रंकेला आमच्या दारात उतरवून घोटभर पाणीही न पिता पसार झालेला गृहस्थ. त्याच्याकडे म्हाताऱ्याचे काय हाल होतील ते सांगायला नको. म्हणजे मी हे सगळं कुणासाठी करत होतो, तुम्हीच सांगा!

साबणाच्या वडीचे चार तुकडे केले. दोन दिवे काढून ठेवले. वर्तमानपत्र बंद, टूथपेस्ट कात्रीने कापून आतून पुसून घ्यायची. तेल, साखर, चहा पावडर, सगळ्यांवर पट्ट्या आणि खुणा.

“हे घर आहे की स्टोअर?” बायको म्हणाली.

“स्टोअर असतं तर इतके हाल झाले नसते,” मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात साखरही खुणेच्या वर निघाली. मग चहा पावडर. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठे, हे शोधल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरेना. पहिला संशय आला तो असा की बायको हात आखडता घेऊन आपल्या पानात कमी वाढून घेते. चार दिवस तिचं ताट न्याहाळलं. छे, बाई पोटभर जेवत होती. सासरेही व्यवस्थित जेवत होते. उलट बायकोची तब्येत खुलली होती. काम करताना गुणगुणायची. मला भाजी वाढताना डाव थोडा जास्तच भरायची, “घ्या हो, दमून येता” म्हणायची. लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर बायको अचानक गोड बोलायला लागली तर माणसाने काय समजायचं?

मला वरच्या मजल्यावरचा विमावाला आठवला. जिन्यात भेटला की उगाच अदबीने बाजूला होणारा, केसांना रोज तेल चोपडणारा. तेल! माझ्या डोक्यात घण पडायला लागले.

शेवटी विचारलंच. “हे तेल कोण आणतं?”

ती चक्क हसली. “मला काय विचारता? तुम्हाला ठाऊक नाही होय!” आणि पदराला हात पुसत आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी घरी कुणी गेलं का म्हणून विचारलं. आमच्या समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात आडोशाला उभा राहून मी दारावर डोळा ठेवला. विमावाल्याची वाट बघत होतो. विमावाला आलाच नाही. दहाच्या सुमारास सासरे बाहेर पडले, काखेत कापडी पिशवीची घडी.

सासरे जुने बस कंडक्टर. रोज दहा ते एक बागेत फिरायला जातात, असं सगळ्यांना माहीत होतं. पण बाग उजवीकडे, आणि हे वळले डावीकडे! मी मागे निघालो. दोन गल्ल्या टाकून ते एका किराणा दुकानाच्या मागच्या दाराने आत शिरले. मागच्या दाराने, बरं का. मी समोरच्या खांबाआड तीन तास काढले. एक वाजता त्याच दाराने बाहेर आले तेव्हा पिशवी फुगली होती आणि आत बाटलीचं बूच दिसत होतं.

मला सगळं लख्ख कळलं. म्हातारा दुकानात चोऱ्या करत होता, आणि चोरीचा माल माझ्या घरात! उद्या पोलीस आले तर माझ्या नोकरीचं काय? मी धावत जाऊन पिशवी धरली आणि भर रस्त्यात ओरडलो, “गेटपास दाखवा!”

सवयीने तोंडातून निघून गेलं. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. सासरे एवढे दचकले की त्यांनी खरोखरच खिशात हात घातला.

दुकानाची मालकीण बाहेर आली, आडव्या बांध्याची, कंबरेवर हात. “कोण हो तुम्ही?”

“मी यांचा जावई. बाई, तुमच्या दुकानातून माल जातोय, लक्ष आहे का तुमचं?”

“अच्छा, जावई ते तुम्ही होय,” ती म्हणाली, आणि मला नखशिखांत बघून घेतलं. “माल जातोय ना. मीच मोजून देते. दोन महिने झाले, आजोबा मागे बसून साखरेच्या पुड्या बांधतात. रोख पैसे घेत नाहीत. वाणसामानच द्या म्हणतात, लेकीचा दुपारी डोळा लागला की गुपचूप डब्यांत भरून ठेवतात. घरात दोघांचंच भागत नाही, त्यात तिसरं तोंड कशाला, असं जावई म्हणत होते म्हणे.”

ते मी म्हणालो होतो. स्वयंपाकघरात, दार लावून, बायकोजवळ. त्या घराच्या भिंती किती पातळ आहेत ते मला माहीत असायला हवं होतं.

सासऱ्यांनी पिशवी सोडली नव्हती. हलक्या आवाजात म्हणाले, “जावईबापू, तुम्ही हिशेबातले माणूस. एवढ्यात माझा खर्च निघतो ना?”

निघत होता. मला ग्रॅमपर्यंत माहीत होतं, निघून वर उरत होता. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पिशवी घेतली आणि आम्ही घरी आलो.

बायकोने दार उघडलं. मी, वडील, माझ्या हातात पिशवी. तिचा चेहरा उजळला.

“पकडलंच शेवटी! मला वाटलंच होतं, तुम्हीच गुपचूप भरता म्हणून. तोंडाने कटकट करायची आणि मागून आणून ठेवायचं. मी बोलले नाही, म्हटलं लाजतील.”

“हो, हो,” सासरे घाईने म्हणाले, “जावईबापूच आणतात. मी आपला सोबतीला.”

म्हाताऱ्याने मला वाचवायला दोरी टाकली होती. धरावीशी वाटली, खोटं कशाला सांगू. तिने इतक्या वर्षांत माझ्याकडे अशा कौतुकाने कधी बघितलं नव्हतं.

“मी नाही आणत,” मी म्हणालो. “बाबा पुड्या बांधतात. मी त्यांना भर रस्त्यात चोर ठरवून आलो.” मग तिसऱ्या तोंडाचं वाक्य बाबांनी ऐकलं होतं, तेही सांगितलं.

ती रडेल असं वाटलं. ती रडली नाही. वडिलांचा हात हातात घेऊन बघितला. सुतळीने बोटांना चिरा पडल्या होत्या.

“एकच खोली घेऊ,” मी म्हणालो. “तिघंही तिथेच राहू. मी दारात झोपेन, पण बाबा कुठे जाणार नाहीत.”

“ते तुम्ही कोण ठरवणार?” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “आधी त्यांना विचारा, त्यांना तुमच्याबरोबर राहायचंय का.”

मी विचारलं. हात जोडूनच विचारलं. सासऱ्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसला, परत घातला आणि माझ्याकडे बघितलं.

“विचार करून सांगतो,” ते म्हणाले.